जुन्या खेळांच्या गप्पा आणि आपलें कर्तव्य

बालपणीं खेळलेल्या खेळांचें स्मरण हा मनुष्याच्या निर्मळ आनंदांपैकीं एक होय. आमच्या आजोबांच्या पिढीस विटीदांडू व सूरपारंब्या आठवत. त्यानंतरच्या पिढीस भोंवरे, पतंग व कॅरम आठवूं लागले. आज ज्यांचीं मुलें शाळेच्या वर्गांतून बसतात, त्या पालकांस आठवण येते ती एका प्लॅस्टिकच्या पेटीची, तिच्यांत खोंचावयाच्या पिवळ्या कॅसेटची, आणि टीव्हीच्या पडद्यावर उड्या मारीत धांवणाऱ्या मारिओ नांवाच्या मिशाळ नळकारागिराची. कोणास या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु ज्या वस्तूभोंवतीं एका पिढीचें बालपण गुंफिलें गेलें, ती क्षुल्लक मानणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

क्रांती चौकांत सायंकाळीं घटकाभर उभें राहिल्यास याचा प्रत्यय कोणासहि यावा. जालना रस्त्यावर वाहनांची रीघ लागलेली असते. कचेऱ्या व दुकानें यांतून परतणारी चाळिशीच्या घरांतील मंडळी चहाच्या निमित्तानें एकत्र जमते. आणि महागाई, पाणी व रस्ते हे विषय संपले म्हणजे बोलणें सहजच जुन्या व्हिडिओ गेमकडे वळतें. ‘काँट्रा’मध्यें तीस लाईफ मिळविण्यासाठीं कोणतीं बटणें कोणत्या क्रमानें दाबावयाचीं, हें नातलगांचे वाढदिवस विसरणारा गृहस्थहि तोंडपाठ म्हणून दाखवितो. बदक निसटलें म्हणजे गवतांतून डोकें वर काढून हंसणाऱ्या त्या कुत्र्यावरील राग अद्यापि गेलेला नसतो. हें सर्व ऐकावयास मोठें गोड वाटतें. मात्र या संभाषणाचा शेवट बहुधा एकाच वाक्यानें होतो : “खेळ होते ते आमच्या वेळचे! हल्लींचीं पोरें नुसतीं मोबाईलमध्यें तोंड खुपसून बसतात.” आणि हें वाक्य ज्याला उद्देशून असतें, तो मुलगा पुष्कळदां जवळच, वडिलांच्या स्कूटरला टेकून, निमूटपणें उभा असतो.

त्या एका वाक्याविषयींच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. जुन्या खेळांच्या गप्पांस आमचा विरोध नाहीं. त्या अधिक व्हाव्यात असेंच आम्हांस वाटतें. पण त्या गप्पांची छडी करून ती मुलांच्या पाठीवर ओढणें हें आम्हांस अन्यायाचें व निरुपयोगी वाटतें.

स्मरणाचें महत्त्व या चौकास कोणीं शिकवावयास नको. येथें पूर्वीं काळा चबुतरा होता. १८५७ च्या उठावांत सामील झालेल्या सैनिकांस तेथें देहदंड दिला गेला, आणि त्या बलिदानाच्या स्मृतीवरून चौकास आजचें नांव मिळालें. २०२२ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांचा पूर्वीपेक्षां उंच असा अश्वारूढ पुतळा येथें बसविण्यांत आला. खेळांच्या गप्पांची या थोर स्मृतींशीं तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाहीं. एवढेंच सांगूं कीं, स्मारक उभारतात तें पुढील पिढीस हिणविण्यासाठीं नव्हे, तर तिच्या हातीं कांहीं देण्यासाठीं. घरगुती, लहानसहान स्मृतींसहि हाच नियम लागू पडतो.

आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं हे खेळ पाहिलेले नसतील. म्हणून त्यांची थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. जपानांतील क्योटो शहरीं १८८९ सालीं निन्टेन्डो ही पेढी निघाली. तिचा मूळ धंदा फुलांचीं चित्रें असलेले पत्ते बनविण्याचा. आपल्याकडे सावंतवाडीस १२० पानांची दशावतारी गंजिफा हातानें रंगवितात. तशाच पत्त्यांच्या व्यवसायांतून पुढें जगभरच्या मुलांचे खेळ बदलून टाकणारी ही पेढी वाढली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १५ जुलै १९८३ रोजीं तिनें ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र जपानांत विक्रीस आणलें. आपल्या देशांत घरोघर पोंचलीं तीं मुख्यतः त्याच्या धर्तीवर बनविलेलीं यंत्रें. १९९० नंतरच्या दशकांत ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ हीं त्यांचीं नांवें मुलांच्या तोंडीं असत. यंत्राची तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागीं खोंचावयाची, चॅनेल जुळवावयाचें, आणि पडद्यावरील मुंग्यांतून चित्र उमटलें म्हणजे घरांत एकच जल्लोष व्हावयाचा.

हे खेळ रचणाऱ्यांचें कसब आजहि थक्क करणारें आहे. १९८५ सालीं शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनीं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सिद्ध केला, तो अवघ्या ४० किलोबाइटांत. आजच्या मोबाईलवर काढलेलें एक साधें छायाचित्र त्याच्या कित्येक पट जागा व्यापतें. जागा पुरावी म्हणून त्यांनीं आकाशांतील ढगाचेंच चित्र हिरवें रंगवून जमिनीवर झुडूप म्हणून योजिलें. असंख्य मुलें वर्षानुवर्षें तो खेळ खेळलीं, पण ढग आणि झुडूप हीं जुळीं भावंडें आहेत हें फारच थोड्यांच्या ध्यानीं आलें. बदकें मारावयाच्या बंदुकीची युक्ति तर याहून गमतीची. तिच्यांतून कांहींच सुटत नसे. उलट तीच पडद्यावरील उजेड टिपीत असे. घोडा ओढतांच पडदा निमिषमात्र काळा होई व बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. तो उजेड बंदुकीच्या नळींतील प्रकाशग्राहकास दिसला कीं नेम लागला असें ठरे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटण्यास किंचित् विलंब लागत असल्यानें ती बंदूक तेथें निकामी ठरते.

आणि ज्या तीस लाईफांचा आमच्या पालकांस एवढा अभिमान, त्यांची कथाहि ऐकण्याजोगी आहे. काझुहिसा हाशिमोतो नांवाचे जपानी गृहस्थ ‘ग्रॅडियस’ या खेळाची घरगुती आवृत्ति तयार करीत होते. तो खेळ १९८६ सालीं बाहेर आला. तो त्यांना स्वतःलाच इतका अवघड वाटे कीं, चांचणी पुरी करण्यासाठीं त्यांनीं बटणांचा एक गुप्त क्रम त्यांत घालून ठेविला. तोच क्रम पुढें ‘काँट्रा’मध्यें आला. खेळ घडविणाऱ्यासहि मदतीची गरज भासली, हें कळल्यावर हरणाऱ्या मुलास हंसण्याचें धैर्य कोणासहि होऊं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. कॅसेट चालेनाशी झाली म्हणजे ती बाहेर काढावयाची, तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारावयाची व ती पुन्हां बसवावयाची, हा उपाय देशोदेशींच्या मुलांस कोणीं न शिकवितां अवगत होता. कॅसेट चालूं लागे, आणि श्रेय फुंकरीस मिळे. वास्तविक गुण येई तो ती काढून पुन्हां बसविल्यानें. कारण त्यामुळें आंतील धातूच्या पट्ट्यांचा एकमेकींस नीट स्पर्श होत असे. फुंकरीनें उलट तोंडांतील ओलावा पट्ट्यांवर बसून त्या गंजण्याचें भय. म्हणून फुंकर मारूं नये अशीच निन्टेन्डोची सूचना आहे. आमच्या मतें जुन्या दिवसांच्या गप्पांत हाच घोटाळा होतो. त्या दिवसांत जें चांगलें होतें तें खरोखरच चांगलें होतें, पण त्याचें श्रेय आपण भलत्याच गोष्टीस देतों. खेळ जुने होते म्हणून हितकर होते असें नव्हे. हित झालें तें दुसऱ्याच तीन कारणांनीं.

पहिलें कारण असें कीं, तो खेळ घराच्या मध्यावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर चाले. घरांत टीव्ही एक. त्यावर आजोबांच्या बातम्या, आईची मालिका व मुलांचा खेळ या तिहींचा हक्क. त्यामुळें मागणें, विनवणें, तडजोड करणें व दिलेली वेळ पाळणें हें सर्व खेळापूर्वींच शिकावें लागे. मूल काय खेळत आहे हें शोधून काढण्याची आईबापांस गरजच नव्हती; तें त्यांच्या कानींकपाळीं आदळतच असे.

दुसरें कारण पाळीचें. यंत्रास रिमोट दोन व खोलींत मुलें सात. जो हरला त्यानें रिमोट पुढच्याच्या हातीं द्यावयाचा हा अलिखित कायदा होता, आणि तो मोडणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं कोणी बोलावीत नसे. ज्याची पाळी नसे तोहि रिकामा नसे. “उडी मार, उडी मार” म्हणून ओरडण्याचें काम त्याच्याकडे असे. अवघड जागा आली कीं थोरला भाऊ धाकट्याचा रिमोट घेऊन तेवढा खड्डा पार करून देई व पुन्हां त्याच्या हातीं सोंपवी. शिकविण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें कारण हें कीं, त्या खेळास शेवट होता. तीन लाईफ संपले कीं खेळ संपला. बहुतेक कॅसेटींस कालचा डाव लक्षांत ठेवण्याची सोय नसल्यानें दुसऱ्या दिवशीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागे. ऐन भरांत वीज गेली तर सारा पराक्रम अंधारांत विरून जाई, आणि मुलें हळहळत अंगणांत खेळावयास जात. संगणकावर गाजलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ च्या खेळांत तर राजकन्येस सोडविण्यास साठच मिनिटें दिलेलीं असत. तासाचें बंधन खेळांतच विणलेलें होतें.

या तीन गोष्टींपैकीं एकहि कोणीं सद्धेतूनें योजिलेली नव्हती, हें येथें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. टीव्ही एकच होता, कारण दुसरा परवडत नव्हता. पाळी होती, कारण यंत्र एकाच्याच घरीं होतें. शेवट होता, कारण यंत्राची शक्ति तोकडी होती. परिस्थितीनें घातलेलें कुंपण आज आपण स्वतःचा संयम म्हणून मिरवितों, हें सत्यास धरून नाहीं.

शिवाय त्या काळींहि सर्व कांहीं निर्मळ नव्हतें. कॅसेटीवर ‘९९९९९९९ इन १’ असें छापलेलें असे. आंत निघत ते दहापांच खेळ, नांव व क्रमांक बदलून पुनः पुन्हां मांडलेले. ज्यांच्या घरीं हें यंत्र नव्हतें अशीं मुलें तासाच्या भाड्यानें खेळत, किंवा नुसतीं खिडकींतून पाहत. पुष्कळ घरांत दुसरा रिमोट भावाच्या मित्रास मिळे, बहिणीस क्वचितच. तिच्या वाट्यास पाहणें येई. आणि तेव्हांचे आईबापहि असेंच म्हणत नव्हते काय? “डोळे जातील, टीव्हीची काच जाईल, अभ्यास तर केव्हांच गेला,” हें बोलणें ज्यांनीं ऐकिलें तेच आज बोलूं लागले आहेत. त्याही पूर्वीं सिनेमास, आणि त्याच्या आधीं कादंबरीवाचनास हेच दोष लाविले जात. प्रत्येक पिढीस आपला छंद निरुपद्रवी व पुढच्या पिढीचा घातक वाटत आला आहे.

याचा अर्थ आज सारेंच ठीक आहे असा मात्र कोणीं करूं नये. जुन्या खेळाचे पैसे एकदांच द्यावे लागत. पुढें मूल तो खेळलें काय कीं न खेळलें काय, विकणाऱ्यास त्याचें सुखदुःख नसे. हल्लींचे पुष्कळसे खेळ फुकट मिळतात, आणि मुलाचें लक्ष हीच त्यांची किंमत असते. आज आलास तर बक्षीस, उद्यां चुकलास तर तें गेलें. मित्र खेळत आहेत, तूंच मागें. थोडे पैसे भर म्हणजे नवी तलवार, नवा पोशाख, अशी ही न संपणारी ओढ आहे. एका बाजूस तेरा वर्षांचें एकटें मूल आणि दुसऱ्या बाजूस त्याला खिळवून ठेवण्याच्या कामावर नेमलेलीं कित्येक हुशार प्रौढ माणसें, असा हा विषम सामना आहे. त्यांत मूल हरलें तर त्यालाच आळशी म्हणणें न्यायाचें होईल काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या व २०२२ पासून अंमलांत आलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या अनावर व्यसनास विकाराचें स्थान दिलें आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायद्यानें बंदी केली. परंतु कायदा हात घालतो तो पैशाच्या खेळास. मुलाची संध्याकाळ कशी जावी हें ठरविण्याचें काम घराचेंच राहतें.

येथें आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य वाटतो. एखाद्या विषयाच्या पाठीस वेड्यासारखें लागणाऱ्या मुलास इंग्रजींत ‘गीक’ म्हणतात. तो शब्द पूर्वीं हेटाळणीचा होता. आतां तो कौतुकानेंहि वापरला जातो. आपल्याकडे “याच्या डोक्यांत किडा वळवळतो” असें म्हणतात तोच हा प्रकार. शाळेच्या संगणक-वर्गांत तास संपतां संपतां ‘डेव्ह’ खेळणारीं मुलें त्या काळीं पुष्कळ होतीं. त्यांतील ज्याला “हा माणूस उडी मारतो तो कसा?” असा प्रश्न पडला, त्याचा खेळ तेथेंच विद्येस जाऊन मिळाला. खेळकरपणा व विद्वत्ता यांचें वैर नाहीं. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेस ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें ‘कृष्णविवर’ नांवाची कथा आली व तिला पहिलें पारितोषिक मिळालें. लेखक निघाले डॉ. जयंत विष्णु नारळीकर! स्वतःचीं आद्याक्षरें उलट्या क्रमानें मांडून त्यांनीं तें टोपणनांव घेतलें होतें. २०२५ सालीं दिवंगत झालेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञास अक्षरांशीं असा खेळ खेळण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग मुलाच्या डोक्यांतील किडा मारून टाकण्याची घाई आपण कां करावी?

तेव्हां पालकवर्गास आमची विनंति अशी : जुन्या खेळांच्या गप्पा खुशाल मारा, पण त्या वाक्यापाशीं येऊन थांबूं नका. परिस्थितीनें तुम्हांस फुकट दिलेल्या त्या तीन गोष्टी आतां मुलांस हेतुपूर्वक द्या. खेळ बंद दाराआड नको, बैठकींत सर्वांसमोर असूं द्या. खेळाची वेळ आधीं ठरवा, आणि ती संपल्यावर मुलाबरोबर आपणहि मोबाईल खालीं ठेवा. कारण बापाच्या हातांतील पडदा उजळत असतां मुलास केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. आठवड्यांतून एकदां तरी त्याच्या शेजारीं बसून “तुझा खेळ मला शिकव” असें म्हणा, आणि त्याच्याकडून मोकळ्या मनानें हरा. ज्या मुलानें वडिलांस एकदां हरविलें, तें त्यांच्यापासून खेळ लपवीत नाहीं. आणि दुसरा रिमोट या वेळीं मुलीच्या हातीं आधीं द्या.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसहि कांहीं सांगावयाचें आहे. आईवडिलांच्या त्या चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांस हंसूं नका. तुटपुंज्या साधनांत एवढें मोठें काम करणें तुमच्या मोबाईलमधील झगमगाटाहून अवघड आहे. माळ्यावर ती जुनी पेटी पडलेली असेल तर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं तिची कथा विचारून घ्या : ती कोणीं आणली, कोणत्या परीक्षेच्या निकालानंतर आणली, तिच्याभोंवतीं कोण कोण बसत असे. पुष्कळदां असें आढळेल कीं, यंत्र बंद पडलें आहे, पण त्याच्याभोंवतीं बसणारे सवंगडी क्रांती चौकांत अद्यापि भेटतात. तुमच्या खेळांतून असे किती सवंगडी तुम्हांस मिळतात, हा प्रश्न स्वतःस विचारा; उत्तर दुसऱ्या कोणास देण्याची आवश्यकता नाहीं. आणि खेळण्याचा कंटाळा आला म्हणजे स्वतः एक लहानसा खेळ रचून पाहा. ‘स्क्रॅच’सारखीं मुलांसाठीं बनविलेलीं साधनें २००७ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत. एक चेंडू पडद्यावर इकडून तिकडे नेण्यास किती डोकें लागतें हें ज्यानें अनुभवलें, तो खेळांचा गुलाम सहसा होत नाहीं.

पुढील वर्षीं या वार्षिकांत ‘आमच्या घरचा जुना खेळ’ या विषयावर विद्यार्थ्यांचे लेख वाचावयास मिळाले तर आम्हांस समाधान वाटेल. ते लेख लिहितांना मुलांस आईवडिलांजवळ बसून ऐकावें लागेल, आणि आईवडिलांस, न रागावतां, मुलांशीं बोलावें लागेल.